न लिहिलेले वाक्य शोधा

कायद्याच्या प्रवेश परीक्षेला बसणारी बजाजनगरातली मुले-मुली संध्याकाळी आमच्याकडे येतात. सामान्य ज्ञानाच्या प्रश्नांना ती डगमगत नाहीत. 'या विधानात कोणते गृहीतक आहे?' असे विचारले की मात्र पेन थांबतो. पालकांनीही हा प्रकार समजून घ्यावा. त्याचा सराव घरी, जेवता जेवता घेता येतो आणि त्याला इंग्रजी लागत नाही. राज्याची विधी सीईटी मराठीतूनही देता येते. आपल्या शहरातल्या राष्ट्रीय विधी विद्यापीठासाठी लागणारी क्लॅट तेवढी इंग्रजीत असते.

गृहीतक म्हणजे बोलणाऱ्याने मनात धरलेली, पण तोंडाने न सांगितलेली गोष्ट. निष्कर्ष विधानानंतर निघतो, गृहीतक विधानाच्या आधीच बसलेले असते. मुले इथेच घोटाळा करतात.

समजा, वाळूजच्या एका कंपनीच्या गेटवर सूचना लागली: 'रविवारी ओव्हरटाईमला येणाऱ्यांनी आज नावे द्यावीत.' पहिला पर्याय: काही कामगार रविवारी यायला तयार होतील. दुसरा: सर्व कामगारांना पैशाची नड आहे. आता प्रत्येक पर्याय उलटा करून पाहा. 'कोणीच तयार होणार नाही' असे धरले, तर सूचना लावण्यात अर्थच उरत नाही. म्हणून पहिला पर्याय गृहीतक. 'सर्वांनाच नड आहे असे नाही' असे धरले, तरी सूचनेचे काही बिघडत नाही. दुसरा पर्याय सोडावा. 'सर्व'च्या उलट 'कोणीच नाही' होत नाही, 'सर्वच नाही' होते, हे पोरांकडून घोटून घ्यावे. 'सर्व', 'फक्त', 'नेहमी' दिसले की सावध व्हावे. पर्याय खरा की खोटा हे इथे विचारलेलेच नसते. आपली पोरे नेमकी त्यावरच वाद घालत बसतात!

कोर्टात हीच विद्या लागते. १९२७ च्या महाड सत्याग्रहानंतर बाबासाहेबांवर दिवाणी दावा झाला. चवदार तळ्यावर अस्पृश्य पाणी भरत नव्हते, म्हणून त्यांना मनाईची चाल अनादि काळापासूनची आहे, असा स्पृश्य वादींचा दावा. यात न बोललेले काय? लोक तळ्यावर गेले नाहीत ते मनाईमुळेच, आणि ती मनाई पहिल्यापासूनची. हे उलटे करा, दावा कोसळतो. १७ मार्च १९३७ रोजी मुंबई हायकोर्टाने अशी अनादि चाल सिद्ध झालेली नाही असे ठरवून वादींचे अपील फेटाळले. दहा वर्षे लागली, हेही मुलांना सांगावे.

राज्याच्या सीईटीत चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत, तेव्हा प्रश्न कोरा सोडू नये. क्लॅटमध्ये पाव गुण जातो. तिथे दोन पर्याय नक्की बाद करता आले तरच खूण करावी.

या आठवड्याच्या सरावाला एक वाक्य देतो: 'वकिली आपल्या घरात कोणी केली नाही, पोरीला कंपनीतच लावा.' यातले गृहीतक मुलांनी वहीत लिहावे आणि आई-वडिलांना वाचून दाखवावे.