खोक्यावर न छापलेली तारीख

जबलपूरचे कमानिया गेट १९३९ च्या त्रिपुरी काँग्रेसच्या स्मरणार्थ उभारले गेले. पट्टाभी सीतारामय्यांना हरवून अध्यक्ष झालेले सुभाषचंद्र बोस आजारी अवस्थेत ज्या अधिवेशनाला आले, तेच हे. इतिहासाच्या विद्यार्थ्याला त्या कमानीखाली घटकाभर रेंगाळावेसे वाटते. जबलपूरकर मात्र तिच्याखालून सराफ्याकडे किंवा बडा फुहाऱ्याकडे खरेदीला जातो, आणि गेल्या ऑक्टोबरात, धनत्रयोदशीच्या आदल्या दिवशी, मीही तसाच गेलो होतो. मला फोन घ्यायचा होता. जुना फोन बिघडला नव्हता. पडदा शाबूत होता, बॅटरी दिवसभर टिकत होती. पण त्याची प्रणाली जुनी झाल्याचे सांगून बँकेच्या ॲपने त्यावर चालण्यास नकार दिला होता.

सोबत शेजाऱ्यांचा मुलगा होता. पुण्यात सॉफ्टवेअर लिहिण्याची नोकरी करतो, दिवाळीला घरी आला होता. दुकानदार कॅमेऱ्याचे गुणगान करीत असताना तो मला म्हणाला, ‘‘काका, कॅमेरा नंतर पाहू. आधी हे विचारा की याला सुरक्षा अपडेट कोणत्या वर्षापर्यंत मिळणार.’’ मी विचारले. दुकानदाराने खोके उलटसुलट करून पाहिले. त्यावर कमाल किंमत होती, उत्पादनाचा महिना होता, तक्रारीसाठीचा पत्ता होता. मी विचारलेली तारीख नव्हती. ‘‘साहब, यह तो कोई पूछता नहीं,’’ तो प्रामाणिकपणे म्हणाला.

हा प्रश्न कोणी का विचारत नाही आणि तो विचारण्याची वेळ ग्राहकावर का यावी, याचा विचार तेव्हापासून माझा पिच्छा सोडत नाही. त्या मुलाची ग्राहकोपयोगी तंत्रज्ञानाबद्दल बरीच मते आहेत. काही मला टोकाची वाटतात. पण या एका मुद्द्यावर तो जे बोलला, ते धोरणकर्त्यांनी ऐकण्यासारखे आहे.

त्याच्या म्हणण्याचा सारांश असा. फोनमध्ये लक्षावधी ओळींचे सॉफ्टवेअर असते आणि त्यातील दोष विक्रीनंतर वर्षानुवर्षे सापडत राहतात. अपडेट म्हणजे त्या दोषांची दुरुस्ती. कंपनी नव्या आवृत्तीसाठी दुरुस्ती प्रसिद्ध करते, तेव्हा दोष नेमका कोठे होता हे जाणकार भामट्यांनाही कळते, आणि तोच दोष ज्या जुन्या यंत्रांत तसाच राहिला आहे त्यांचा शोध सुरू होतो. म्हणजे ज्या फोनची अपडेट थांबली, तो आहे तितकाच सुरक्षित राहत नाही. दर महिन्याला अधिक उघडा पडत जातो. अपडेट थांबण्याचे कारणही पुष्कळदा फोन बनविणाऱ्याच्या एकट्याच्या हाती नसते. आतील चिप बनविणाऱ्या कंपनीने तिचे सॉफ्टवेअर सुधारणे थांबविले की फोनवाल्याचेही हात बांधले जातात. पण ही मुदत साधारण किती, हे फोन बाजारात येण्याआधी त्या दोघांनाही ठाऊक असते. ठाऊक नसते ते पैसे मोजणाऱ्याला.

संगणकांचे उदाहरण ताजे आहे. विंडोज १० या प्रणालीचा मोफत आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी, म्हणजे धनत्रयोदशीच्या चार दिवस आधी संपला. विंडोज ११ साठी लागणारी सुरक्षा-चिप आणि प्रक्रियक यांच्या अटी २०२१ मध्ये जाहीर झाल्या; त्यामुळे २०१७ च्या सुमाराचे, अजून उत्तम चालणारे असंख्य संगणक अपात्र ठरले. मायक्रोसॉफ्टने एक वर्षाची वाढीव मुदत देऊ केली. युरोपीय आर्थिक क्षेत्रातील घरगुती ग्राहकांना ती विनामूल्य मिळाली. इतरत्र तीस डॉलर भरणे किंवा आपल्या संगणकाच्या मांडणीची प्रत कंपनीच्या क्लाउडवर ठेवणे असे पर्याय ठेवले गेले. यंत्र तेच आणि दोषही तेच असताना दोन ग्राहकांना वेगळी वागणूक मिळाली, याला कारण एका ग्राहकाच्या पाठीशी जागरूक कायदा आणि संघटित ग्राहक चळवळ उभी होती.

आपल्याकडे राज्यसंस्थेला हा विषय कळत नाही असे मुळीच नाही. विंडोज एक्सपीचा आधार एप्रिल २०१४ मध्ये संपल्यानंतरही देशातील कित्येक एटीएम त्याच प्रणालीवर चालू होती. रिझर्व्ह बँकेने जून २०१८ मध्ये बँकांना टप्प्याटप्प्याचे वेळापत्रक आखून दिले आणि जून २०१९ पर्यंत सर्व एटीएम आधार असलेल्या प्रणालीवर आणण्यास बजावले. उशीर झाला, पण आदेश निघाला. बँकेच्या भिंतीतील यंत्राबाबत जी दक्षता नियामकाने दाखविली, ती नागरिकाच्या खिशातील यंत्राबाबत मात्र कोणीच दाखवीत नाही. वास्तविक २०१६ मध्ये यूपीआय आल्यापासून खिशातील ते यंत्र एटीएमपेक्षा जास्त वेळा पैसे हलविते.

येथे निवृत्तिवेतनधारक म्हणून माझा वैयक्तिक स्वार्थही सांगून टाकतो. दर नोव्हेंबरात आम्हाला हयातीचा दाखला द्यावा लागतो. २०१४ मध्ये ‘जीवन प्रमाण’ आले आणि २०२१ मध्ये चेहरा दाखवून घरबसल्या दाखला देण्याची सोय झाली. ज्यांनी बँकेच्या रांगेत सत्तरीतील माणसे ताटकळत उभी पाहिली आहेत, ते या योजनेला नावे ठेवणार नाहीत. पण शासन जेव्हा निवृत्तिवेतन, शिधा, शिष्यवृत्ती अशा एकेका हक्काची वाट फोनमधून काढते, तेव्हा त्या फोनचे आयुष्य ही ग्राहक आणि दुकानदार यांच्यातील खासगी बाब उरत नाही. महागड्या फोनना आता सात-सात वर्षांच्या अपडेटची हमी मिळते. गूगलने २०२३ मध्ये आणि सॅमसंगने २०२४ मध्ये आपल्या वरच्या श्रेणीच्या फोनसाठी ती जाहीर केली. स्वस्त फोनची मुदत बहुधा याहून पुष्कळ कमी असते. ज्याला नवा फोन घेणे जड जाते, त्यालाच तो लवकर बदलावा लागतो.

यावर त्या मुलाचा उपाय वेगळा आहे. त्याच्या मते लोकांनी स्वतःच मुक्त स्रोताच्या प्रणाली शिकाव्यात, संगणकावर लिनक्स घालावे आणि जुन्या फोनमध्ये स्वयंसेवकांनी तयार केलेली आवृत्ती बसवावी. त्याने स्वतः वडिलांचा संगणक असाच जिवंत ठेवला आहे. मला त्याचे कौतुक आहे, पण मत पटत नाही. एक तर असा बदललेला फोन अनेक बँकांची ॲप स्वीकारत नाहीत, हे त्यानेही मान्य केले. दुसरे असे की कमानीपलीकडच्या सराफ्यात सोने घेणाऱ्या बाईने कसोटीचा दगड घेऊन यावे, अशी अपेक्षा आपण करीत नाही. जून २०२१ पासून देशातील २५६ जिल्ह्यांत दागिन्यांवर हॉलमार्क सक्तीचा झाला आणि एप्रिल २०२३ पासून सहा अक्षर-अंकी ओळख क्रमांकाशिवाय हॉलमार्कचा दागिना विकता येत नाही. त्यालाही आरंभी व्यापाऱ्यांचा विरोध झाला होता. सरकारने सोने घडविले नाही की त्याचा भाव ठरविला नाही. वस्तूत काय आहे ते वस्तूवर लिहायला लावले, इतकेच.

फोनबाबत याहून कमी पुरेल. आवेष्टित वस्तूंसंबंधीचे वैधमापनशास्त्र नियम २०११ पासून लागू आहेत. खोक्यावरील किंमत, महिना आणि पत्ता छापला जातो तो त्यांच्यामुळेच. त्यांत एका ओळीची भर घालावी : ‘सुरक्षा अपडेट अमुक महिना, अमुक साल यापर्यंत.’ जागा नाही ही सबब चालणार नाही, कारण इलेक्ट्रॉनिक वस्तूंची काही माहिती क्यूआर कोडमधून देण्याची सवलत २०२२ मध्येच देण्यात आली. त्यामुळे मोकळी झालेली जागा या ओळीला पुरेल. ब्रिटनमध्ये इंटरनेटला जोडल्या जाणाऱ्या उपकरणांची किमान आधार-मुदत जाहीर करणे २९ एप्रिल २०२४ पासून बंधनकारक आहे. युरोपीय संघ आणखी पुढे गेला : तेथे २० जून २०२५ पासून बाजारात येणाऱ्या फोनना, त्या मॉडेलची विक्री थांबल्यावरही किमान पाच वर्षे अपडेट द्यावी लागतात.

भारताने लगेच युरोपचा मार्ग धरावा, असे मी म्हणणार नाही. पाच वर्षांची सक्ती केली तर स्वस्त फोनची किंमत वाढेल, हा उद्योगाचा आक्षेप निराधार नाही, आणि ज्याच्यासाठी नियम करायचा त्याच्याच हातून फोन सुटणे परवडणारे नाही. तारीख सांगण्याच्या सक्तीला मात्र हा आक्षेप लागू पडत नाही. प्रशासनात वर्षे घालविल्यावर एवढे कळते की दर्जा ठरविणारा नियम अमलात आणायला प्रयोगशाळा, निरीक्षक आणि खटले लागतात. तारीख छापली आहे की नाही, हे तालुक्याचा निरीक्षकही डोळ्यांनी पाहू शकतो. कंपनीने तारीख छापून ती पाळली नाही, तर २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याखाली आयोगापुढे दाखवायला ग्राहकाच्या हाती कागद असतो. आज त्याच्याकडे दाखविण्यासारखे काहीच नाही.

शासन स्वतःही मोठा ग्राहक आहे. शाळांसाठी टॅब आणि कार्यालयांसाठी संगणक यांच्या निविदांत हमीकालावधीचा रकाना असतो. त्याच्या शेजारी आधार-मुदतीचा रकाना घालायला तर संसदेतही जावे लागत नाही.

केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने दुरुस्तीसुलभतेचा निर्देशांक सुचविण्यासाठी भरत खेरा यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली आणि तिचा अहवाल मे २०२५ मध्ये सादर झाला. सुटे भाग, दुरुस्तीची माहिती, लागणारी अवजारे यांच्या जोडीने सॉफ्टवेअर अपडेट हाही त्यात एक निकष आहे, ही समाधानाची बाब. मात्र निर्देशांकात सर्व निकषांचे गुण एकत्र होतात. सुटे भाग सहज मिळतात म्हणून चांगले गुण मिळविलेला फोन दोन वर्षांत अपडेटविना राहू शकतो, आणि खोक्यावरील गुणांवरून ते कळणार नाही. निर्देशांक अवश्य यावा. पण त्याची पद्धत ठरेपर्यंत तारखेची ओळ थांबवून ठेवण्याचे कारण नाही. दोन्ही विषय एकाच विभागाकडे आहेत आणि खोक्यावरील मजकुराचे नियमही तोच विभाग करतो.