धर्मसुधारणा शिकवताना आधी एक चर्च काढा

आठवीच्या इतिहासात धर्मसुधारणा चळवळ येते. मार्टिन ल्यूथर, साल १५१७, पोपची सत्ता, झालं. मुलं उत्तर पाठ करतात, गुणही मिळतात. पण त्या चळवळीने खेड्यातल्या साध्या माणसाचं काय बदललं, असं विचारा, वर्ग गप्प! माझं मत असं की, या पाठाला सनावळीआधी फळ्यावर इंग्लंडमधलं मध्ययुगीन पॅरिश चर्च, म्हणजे गावाचं चर्च, काढावं.

काढायला सोपं आहे. एक मोठा आयत, त्याला पूर्वेकडे जोडलेला छोटा आयत. मोठा भाग गावकऱ्यांचा, छोटा पाद्रीचा. दगडी वेदी तिथेच. दुरुस्तीचा खर्चही तसाच वाटलेला: मोठं दालन गावाने सांभाळायचं, वेदीकडचा भाग रेक्टरने. दाराजवळ बाप्तिस्म्याचं दगडी कुंड, कारण बाप्तिस्मा म्हणजे धर्मात प्रवेश. कुंडाला झाकण आणि कुलूप! आतलं पवित्र पाणी कुणी जादूटोण्यासाठी नेऊ नये म्हणून. (हे सांगितलं की मागच्या बाकावरची मुलंही मान वर करतात.) बसायला बाकं मात्र बराच काळ नव्हती, ती पंधराव्या शतकात रुळली. तोवर लोक उभे राहत, गुडघे टेकत.

दोन भागांच्या मध्ये कोरीव लाकडी जाळी. तिच्या वर मोठा क्रूस, एका बाजूला मरिया, दुसऱ्या बाजूला योहान. त्यांच्या मागे अनेक ठिकाणी शेवटच्या न्यायाचं चित्र असे: कबरीतून उठणारे मृत, तराजू, नरकाचा जबडा. प्रार्थना लॅटिनमध्ये, बहुतेकांना वाचता येत नव्हतं. त्यांचं पुस्तक म्हणजे ती भिंत.

१५४७ मध्ये सहावा एडवर्ड गादीवर आला आणि हे सगळं झपाट्याने उतरू लागलं. मूर्ती काढल्या, चित्रांवर चुना फासला, दगडी वेदीच्या जागी लाकडी टेबल आलं. सफोक परगण्यातल्या वेनहॅस्टन गावात असं एक चित्र लाकडी फळ्यांवर होतं. तेही चुन्याखाली गेलं, वर इंग्रजीत बायबलची वचनं लिहिली गेली. कोणती? राज्यकर्त्यांच्या आज्ञेत राहा, ही! पोप गेला, राजा आला, हे मुलांना यापेक्षा सोपं करून कसं सांगणार?

१८९२ साली दुरुस्तीच्या वेळी त्या फळ्या निरुपयोगी म्हणून आवारात टाकल्या. रात्री पाऊस पडला, चुना धुऊन गेला आणि आतून चित्र वर आलं. आज ते त्याच चर्चमध्ये आहे.

आपण वर्गात सहज सांगतो की, लोकभाषेत प्रार्थना आली आणि लोक सुखावले. मला हे घाईचं वाटतं. १५४९ मध्ये इंग्रजी प्रार्थनापुस्तक सक्तीचं झालं, तेव्हा डेव्हन आणि कॉर्नवॉलमधले हजारो लोक बंड करून उठले. त्यांना जुनी लॅटिन प्रार्थना परत हवी होती, मूर्तीही. कॉर्नवॉलमधल्या कित्येकांना तर इंग्रजी येतच नव्हतं. त्यांची भाषा कॉर्निश.

‘एवढा वेळ कुठाय?’ असं सहकारी म्हणतात. एक तासिका पुरते. वेनहॅस्टनच्या चित्रात जिथे क्रूस, मरिया आणि योहान उभे होते, तिथे त्यांच्या आकाराच्या न रंगवलेल्या मोकळ्या जागा अजून दिसतात. मी फळ्यावर फक्त त्या तीन जागा काढते आणि विचारते: इथे काय होतं? कुणी काढलं? आणि गावाला कुणी विचारलं होतं का?