राबाची राख आणि उद्याची बॅटरी

वैशाखरेच्या परिसरात भाताची रोपे करण्याआधी पालापाचोळा पसरून राब भाजतात. त्या राखेत पोटॅश असते. अशाच पोटॅशमधून १८०७ साली हम्फ्री डेव्हीने विजेच्या साहाय्याने पोटॅशियम वेगळे केले. आता त्याच पोटॅशियमच्या बॅटरीत वीज साठवण्याची खटपट जगभरच्या प्रयोगशाळांत चालू आहे.

मोबाइलची बॅटरी लिथियमवर चालते. पण पृथ्वीच्या कवचात लिथियम तोळामासाच, पोटॅशियम मात्र सुमारे दोन टक्के. मग अडते कोठे? पोटॅशियम धातू पाणी लागताच पेट घेतो आणि नेहमीच्या बॅटरीतले द्रावणही ज्वालाग्राही असते. म्हणून द्रवाऐवजी घन इलेक्ट्रोलाइट हवा.

वैशाखरेजवळून नाणेघाटाची वाट चढते. सातवाहनकाळी कोकणातला माल याच खिंडीतून जुन्नरकडे जाई. घन इलेक्ट्रोलाइटही खिंडच: त्याने आयन, म्हणजे विद्युतभारित अणू, पलीकडे जाऊ द्यायचे आणि इलेक्ट्रॉन अडवायचे. अडलेले इलेक्ट्रॉन बाहेरच्या तारेतून जातात, तेव्हा दिवा लागतो. १९६७ साली फोर्ड कंपनीतल्या याओ आणि कुमर यांनी बीटा-ॲल्युमिनातून सोडियमचे आयन वेगाने जातात हे दाखवले. पोटॅशियमही त्यातून जाते, पण रखडत. लिथियमच्या पावणेदोनपटीहून मोठा हा आयन म्हणजे गोणी लादलेला बैल. त्याला खिंड रुंद हवी. शिवाय घन पदार्थ दोन्ही ध्रुवांना घट्ट बिलगून राहिला पाहिजे, भेगाळता कामा नये.

एवढ्या खटाटोपावर पैसा कशाला, असे कोणी विचारील. फेब्रुवारी २०२३ मध्ये जम्मूतल्या रियासीत ५९ लाख टन लिथियमसाठ्याचा अंदाज जाहीर झाला आणि मोठा गाजावाजा झाला. पण जमिनीतला अंदाज म्हणजे घरातला उजेड नव्हे. त्याच डिसेंबरात पुण्याच्या केपीआयटीने सोडियम-आयन बॅटरीचे तंत्र सादर केले. ही वाट शहाणपणाची आहे आणि पोटॅशियम तिच्याच पुढच्या वळणावर आहे. खताचे पोटॅश आपण आयात करतो हे खरे. पण ते कॅनडापासून जॉर्डनपर्यंत अनेकांकडे मिळते, एकाच दारात हात पसरावा लागत नाही.

मोटारीला हलकी बॅटरी लागते. गावच्या आरोग्य उपकेंद्राच्या कोपऱ्यातली बॅटरी जड असली, तर कोणाचे काय बिघडते? ती स्वस्त हवी, पेट न घेणारी हवी. वादळी पावसात वीज गेल्यावर लसींचा फ्रीज चालू राहिला, म्हणजे झाले. त्यासाठी आपल्या प्रयोगशाळांना घोषणा नकोत. पंधरा-वीस वर्षे न आटणारा निधी आणि अपयश सोसण्याची मुभा हवी. एवढा धीर सरकारने आणि आपणही धरला पाहिजे.