स्वस्त विजेचे श्रेय कोणाचे?

उन्हापासून होणारी दिवसाची वीज आज आपल्या देशात कोळशाच्या नव्या केंद्रातील विजेपेक्षा स्वस्त पडते. हे दिसताच बाजारवादी पंडित सांगू लागले आहेत की, हा खासगी स्पर्धेचा चमत्कार आहे. सरकारने बाजूला व्हावे. हा इतिहासाचा विपर्यास आहे.

यंत्रे नुसता काळ लोटल्याने स्वस्त होत नाहीत. ती करून करून स्वस्त होतात. विमानांचे एकूण उत्पादन दुप्पट झाले की दर विमानामागील श्रमखर्च ठरावीक प्रमाणात उतरतो, हे टी. पी. राइट यांनी १९३६ साली दाखवून दिले. सौर पॅनेलच्या जागतिक उत्पादनाच्या प्रत्येक दुपटीमागे किंमत सुमारे २० टक्क्यांनी उतरत आली आहे. सिलिकॉनच्या चकत्या पातळ झाल्या, नासाडी घटली, कारखाने वाढले. हजारो कामगार-तंत्रज्ञांच्या अनुभवाचा हा संचय आहे. असे ज्ञान प्रतिस्पर्ध्यांनाही फुकट मिळते, म्हणून समाजाला हवी तितकी गुंतवणूक खासगी भांडवल त्यात करीत नाही, हे केनेथ ॲरो यांनी १९६२ सालीच मांडले होते.

मग हा महागडा धडा कोणाच्या पैशाने गिरवला गेला? जर्मनीने २००० साली कायदा करून सौरविजेला वीस वर्षांचा हमीभाव दिला. त्याचा बोजा घरगुती ग्राहकांच्या बिलांवर पडला. वीज गिळणाऱ्या बड्या उद्योगांना मात्र सवलती मिळाल्या. चीनमध्ये सरकारी बँकांनी कर्जे पुरविली. भारतात २०१० साली राष्ट्रीय सौर अभियान सुरू झाले, तेव्हा युनिटचा दर सुमारे १२ रुपये होता. सार्वजनिक क्षेत्रातील एनटीपीसीच्या स्वस्त औष्णिक विजेत मिसळूनच ती वीज खपविली गेली. २०१७ साली राजस्थानातील भादला येथे हा दर २ रुपये ४४ पैशांवर आला, तो या पायावर.

अर्थात, सरकारी मालकी हा काही जादूचा मंत्र नव्हे. फ्रान्समध्ये सरकारी कंपनीने अणुवीजकेंद्रांची मालिकाच उभारली, तरी पुढची केंद्रे मागच्यांहून महाग होत गेली. लहान, एकसारख्या आणि लाखोंनी घडणाऱ्या वस्तूंत अनुभव लवकर साठतो. प्रचंड प्रकल्पांत तो साठेलच असे नाही.

म्हणूनच आजचा करार उद्याचा दर ठरवितो. दाभोळचा अनुभव महाराष्ट्र विसरलेला नाही. १९९३ च्या करारानुसार वीज घेणे परवडेना, म्हणून २००१ साली राज्य वीज मंडळाला खरेदी थांबवावी लागली. खर्च उतरत असताना पंचवीस वर्षांसाठी चढ्या दराने हात बांधून घेणे, ही ग्राहकाची फसवणूकच होय.

साठवणुकीच्या बॅटऱ्या आज त्याच उतरणीवर आहेत. ‘स्वस्त होऊ द्या, मग घेऊ’ असे सर्वांनीच म्हटले, तर त्या स्वस्त होणारच नाहीत. म्हणून सार्वजनिक संस्थांनी दरवर्षी ठरावीक प्रमाणात खरेदी करावी. उतरलेल्या खर्चाचा लाभ बिलात दिसावा. शेतकऱ्याला दिवसा वीज मिळावी आणि ज्या गावाची जमीन प्रकल्पात जाते, त्या गावाला वाटा मिळावा.

शिकण्याची फी जनतेने भरली आहे. त्या शिक्षणाचे उत्पन्न मूठभर मक्तेदारांच्या हाती जाऊ द्यायचे की नाही, हा प्रश्न तंत्रज्ञानाचा नाही. तो राजकारणाचा आहे. कार्यकर्त्यांनी तो प्रत्येक वीजदर सुनावणीत आणि प्रत्येक ग्रामसभेत विचारला पाहिजे.