वीज बाजारात, अंधार पोडावर

केळापूर तालुक्यात ओलितासाठी माणूस रात्री का जागतो? कृषिपंपाची वीज दिवसा-रात्रीच्या पाळीने येते म्हणून. शेजारी टिपेश्वरचे जंगल. पांढरकवडा-राळेगाव पट्ट्यात दहशत बसवणारी टी-1 वाघीण 2 नोव्हेंबर 2018 रोजी मारली गेली, पण वाघ काही संपले नाहीत. आणि अंधारात बांधावर उभा असतो तो पुष्कळदा मालक नसतो, सालगडी असतो. म्हणून वीज हा आमच्या चळवळीचा प्रश्न आहे.

बाबासाहेब 1942 ते 1946 व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री होते, वीजधोरणही त्यांच्याकडेच होते. 1943 मध्ये त्यांनी धोरण समितीपुढे स्पष्ट सांगितले की स्वस्त आणि मुबलक विजेशिवाय औद्योगिकीकरण होणार नाही. शेतीवरचा माणसांचा भार कारखानदारीनेच हलका होईल, हे तर ते 1918 पासून मांडत होते.

आता उलटी गंगा पाहा. 2003 चा कायदा आला, 2005 मध्ये वीज मंडळाचे तुकडे झाले, 2022 च्या विधेयकाने एकाच तारांवर अनेक वितरक आणायचे ठरवले. म्हणे स्पर्धेने दर उतरतील! स्पर्धा कोणासाठी? खाजगी कंपनी बुटीबोरीचा कारखाना मागेल, कोलामांचे पोड कशाला मागेल? मोठा ग्राहक जादा दर भरतो, त्यातून गरिबाचा दर सावरला जातो. तो ग्राहकच निघून गेला तर तूट कोण भरणार? दाभोळला एन्रॉनची महाग वीज घेऊन महाराष्ट्राने एकदा हात पोळून घेतलेच आहेत.

तोटा सरकारी मंडळातही होता, गळती आणि वशिलेबाजीही होती. ते आम्ही नाकारत नाही. पण घर गळते म्हणून कोणी ते सावकाराला देत नाही.

कोळसा मात्र आपल्याच जिल्ह्यातला. वणीच्या खाणींची काळी धूळ कपाशीवर बसते, वीज शहराकडे जाते. त्या धुळीचा खर्च कोणत्याच दरपत्रकात नाही.

एक टोचणारी गोष्टही बोलू. 2024 पासून साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या पंपांना मोफत वीज आहे. चांगलेच आहे. पण ज्याला विहीर नाही, शेतच नाही, त्याला काय? बाबासाहेबांच्या नावाच्या जीवन प्रकाश योजनेत वस्तीला जोडणी मिळाली, पण बिल थकले की तीच जोडणी तुटते. आपल्या किती शाखांनी यावर निवेदन दिले? पुढच्या ग्रामसभेत निदान दिवसाच्या ओलिताचा आणि भूमिहीनांच्या घरगुती दराचा ठराव तरी मांडा.