यादी लागेपर्यंत

हिंजवडीच्या आयटी पार्कला खेटलेल्या मारुंजीत नोकरीचे निकाल झटपट लागतात, म्हणे. गणितात पुढं शिकू पाहणाऱ्यांना ते सुख नाही. फेब्रुवारीत जॅम ही प्रवेशपरीक्षा, मार्चमध्ये निकाल, जमलं तर पाषाणच्या आयसर या विज्ञानसंस्थेची मुलाखत. अमेरिकेत अर्ज केलाच, तर शिष्यवृत्तीसह निवड झालेल्यांना होकार कळवायला बहुतेक विद्यापीठांत १५ एप्रिलपर्यंत मुदत. त्यामुळं प्रतीक्षायादी हलते ती बहुधा त्याच सुमारास. तोवर घरचे रोज विचारतात, ‘‘काय झालं गं?’’ (गणितात पीएचडी करून पुढं काय, हे शेजाऱ्यांना समजावणं वेगळंच!) या अंकात आम्ही यशोगाथा मुद्दाम टाळल्या, या मधल्या महिन्यांबद्दलच लिहून घेतलं. आमच्या मते, खरा कस तिथंच लागतो. नकार आलेल्यांनीही आम्हाला जरूर लिहावं, पालकांनी तर नक्कीच.