चारशे फुटांखालची जबाबदारी

प्रतिकृती-विमाने उडविण्याचा छंद निरुपद्रवी खराच. पण त्यातील मोठा धोका उडविणाऱ्याला नव्हे, तर विमानातील परक्या प्रवाशाला असतो. अर्थशास्त्रात यालाच बाह्य खर्च म्हणतात. अमेरिकेने 1981 साली या विमानांना जमिनीपासून 400 फुटांची मर्यादा सुचविली, ती केवळ ऐच्छिक सल्ला म्हणून. माणसे वाहणारी विमाने, उड्डाण व अवतरण सोडल्यास, साधारणतः 500 फुटांखाली येत नाहीत. मधले 100 फूट हाच काय तो सुरक्षिततेचा पट्टा. स्वतःचे विमान महिनोन्‌महिने खपून बांधणारा मनुष्य क्लबच्या शिस्तीत वाढलेला असे, म्हणून सल्ला भागत होता. दुकानातून तयार ड्रोन घेऊन त्याच संध्याकाळी उडविणाऱ्याला ही शिस्त कोण शिकविणार? तरीही 2012 च्या कायद्याने छांदिष्टांसाठी नवे नियम करण्यास विमानवाहतूक प्रशासनाला मनाई केली! ती 2018 मध्ये उठली. आता मर्यादा सर्वसाधारणपणे सक्तीची आहे आणि चाचणीही द्यावी लागते. उंच चढणारी ग्लायडर उडविणाऱ्या जुन्या जाणत्यांना हे जाचते, यात शंका नाही. परंतु जमिनीवरून नुसत्या डोळ्यांनी उंचीचा हिशेब करणे कठीण. म्हणूनच खरे विमान दिसताच वाट मोकळी करून देण्याचे कर्तव्य कायद्याने खालच्या माणसावर टाकले आहे. वरच्या वैमानिकाला ते इवलेसे यंत्र बहुधा दिसतच नाही.